आपल्याकडे हे काम कोण पाहते?

पुण्याजवळच्या भोसरीतील एका कॅलिब्रेशन प्रयोगशाळेसाठी, म्हणजे मोजमापाची साधने बरोबर मोजतात का हे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळेसाठी, ग्राहक मिळवण्याचे काम मी गेली बारा वर्षे करतो आहे. या कामात नव्याने आलेली मुले भेटली की हमखास एक प्रश्न विचारतात : ज्याच्याशी आपली काहीच ओळख नाही अशा क्वालिटी किंवा परचेस मॅनेजरला पहिला संदेश काय लिहायचा, म्हणजे तो निदान उत्तर तरी देईल? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवातीची दोन वर्षे मी सगळ्यांना एकच मजकूर पाठवत असे. वर नाव बदलायचे, खाली आमची प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त आहे, दर वाजवी आहेत, सेवेची संधी द्यावी, वगैरे. त्या मजकुरात खोटे काही नव्हते. मात्र वाचणाऱ्याला त्यात नवे असे काहीच मिळत नव्हते. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कारखान्याकडे आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगातले गुणवत्तेचे प्रमाणपत्र आहे, त्याला बाहेरची प्रयोगशाळा निवडताना साधारणपणे आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या मानकानुसार (एनएबीएल देते तशी) मान्यता असलेलीच निवडावी लागते. म्हणजे जी गोष्ट मी मोठ्या अभिमानाने पहिल्या ओळीत लिहीत होतो, ती त्याच्या दृष्टीने दारात येण्यापुरती अट होती, आणि ती माझ्यासारखे सगळेच पुरी करत होते.

आता मी लिहिण्यापेक्षा पाहण्यात जास्त वेळ घालवतो. सर्वांत उपयोगी पडते ती नोकरीची जाहिरात. चाकणच्या एखाद्या कारखान्याला एकाच महिन्यात सीएमएम (सुट्या भागांची मापे अचूक घेणारे यंत्र) चालवणारा माणूस आणि दोन क्वालिटी इंजिनिअर हवे असतील, तर तिथे बहुधा नवी लाइन येते आहे किंवा नवा भाग सुरू होतो आहे. अशा वेळी मोजमापाची साधने वाढतात, ऑडिटची तयारी सुरू होते, आणि कॅलिब्रेशनसाठी बाहेर गेलेला मायक्रोमीटर आठवडाभर परत न येणे कुणालाच परवडत नाही. हे कळले की संदेश जवळजवळ आपोआप तयार होतो :

‘नमस्कार. आपल्याकडे सीएमएम ऑपरेटर हवा असल्याची जाहिरात पाहिली. नवी लाइन सुरू होत असेल, तर व्हर्नियर, मायक्रोमीटर, डायल गेज यांचे कॅलिब्रेशन आम्ही कारखान्यात येऊन करतो. साधने बाहेर पाठवावी लागत नाहीत. आपल्याकडे हे काम कोण पाहते, एवढे कळवाल का?’

यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘भेटीसाठी अर्धा तास द्यावा’ असे लिहिले की समोरच्याला कॅलेंडर उघडावे लागते, आणि जो माणूस कॅलेंडर उघडतो तो सहसा नकाराचे कारण शोधत असतो. कोण पाहते, हे सांगायला एक ओळ पुरते. शिवाय आपण चुकीच्या माणसाला लिहिले असेल, तरी उत्तर देणे त्याला जड जात नाही.

लिंक्डइनवर ओळखीच्या विनंतीसोबत जोडायची चिठ्ठी फार तर दोन-तीनशे अक्षरांची असते, आणि मराठीत लिहिताना ही मर्यादा आणखी आकसते. संगणक काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांची स्वतंत्र मोजणी करतो, त्यामुळे साधा ‘श्री’सुद्धा चार अक्षरे खातो. म्हणून मी तिथे फक्त जाहिरातीचा उल्लेख आणि प्रश्न ठेवतो, बाकीचे ईमेलमध्ये लिहितो. भाषेबद्दल म्हणाल, तर आडनाव मराठी आहे एवढ्यावरून मराठीत लिहू नये. तो माणूस स्वतः कामाविषयी कोणत्या भाषेत लिहितो ते पाहावे.

एक चूक मात्र सांगितलीच पाहिजे. एका प्लँट हेडना लिहिताना मी त्यांच्या मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाचे अभिनंदन केले होते. तो फोटो मी फेसबुकवर पाहिला होता. त्यांनी उत्तर दिले, पण ते एवढेच होते : ‘हे तुम्हाला कसे माहीत?’ तिथे पुन्हा लिहिण्याचे धाडस मला झाले नाही. तेव्हापासून माणसाने किंवा कारखान्याने कामाविषयी जे जाहीर केले आहे, त्यापलीकडचे काही मी संदेशात आणत नाही. अलीकडे यंत्राकडून लिहून घेतलेल्या संदेशांत ‘आपला प्रवास प्रेरणादायी आहे’ अशी स्तुती सर्रास असते. ती आगाऊ नसते, पण कुणालाही लागू पडते, म्हणून माझ्या मते ती पहिल्या ओळीतच वगळावी.

उत्तर नाही आले तर मी दहा दिवसांनी एकदाच पुन्हा लिहितो, आणि तेही नवे काही सांगण्यासारखे असेल तरच. मार्चअखेरीस लिहीत नाही, खंडेनवमीच्या आसपासही नाही. गुरुवारी तर मुळीच नाही, कारण आमच्या औद्योगिक पट्ट्यात तो सुट्टीचा वार असतो. वर दिलेला संदेश मी गेल्या वर्षी एका कारखान्याला खरोखर पाठवला होता. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : ‘मी नाही, आमचे स्टँडर्ड रूमचे साहेब बघतात. नंबर खाली देतो. गुरुवार सोडून फोन करा.’