छत्तीस चालू, सदतीस बंद

लिनक्सच्या कर्नलचे, म्हणजे त्याच्या गाभ्याचे, बूट मेसेज धडाधड पडले, प्रोसेसरचे चारही कोअर उठले, आणि लॉगिनच्या जागी पाच-सहा अक्षरं उमटून स्क्रीन गप्प झाली. एंटर मारलं, कंट्रोल-सी मारलं, ढिम्म. तरी मशीन मेलेलं नव्हतं. दुसऱ्या खिडकीतून एसएसएच केलं, म्हणजे नेटवर्कवरून आत शिरलं, की मशीनबाई अगदी खुशाल बोलत होती.

आमचं काम इम्युलेटरचं. बोर्ड हातात यायच्या आधीच कस्टमरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना काम सुरू करता यावं, म्हणून त्यांची चिप आम्ही सी भाषेत लिहून देतो. ह्या चिपमध्ये चार आर्म कोअर, सिरियल पोर्ट, नेटवर्क, एसडी कार्ड आणि ह्या सगळ्यांच्या मध्ये जिक, म्हणजे आर्मचा इंटरप्ट कंट्रोलर, व्हर्जन दोन. डिव्हाइसनं हाक मारली, म्हणजे इंटरप्ट दिला, की ती कुठल्या कोअरच्या कानावर घालायची हे जिक ठरवतो. सोसायटीच्या वॉचमनसारखंच: कुरिअरवाला गेटवर आला, इंटरकॉम कुठल्या फ्लॅटला लावायचा? वॉचमनकडे वही असते, जिककडे टार्गेट रजिस्टर असतात. प्रत्येक इंटरप्टला एक बाइट, बाइटमधला एकेक बिट एकेका कोअरचा, त्यामुळे जास्तीत जास्त आठ कोअर.

त्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. कस्टमरनं कर्नल बदलला, आधीचा ४.१४ होता, तोही २०१८ साली एकदा घेऊन ठेवलेला, आता ५.१० आला. आणि मी इम्युलेटरमध्ये प्रत्येक कोअरला स्वतंत्र थ्रेड, म्हणजे समांतर चालणारी स्वतःची वाट, दिला. आधी चारही कोअर एकाच थ्रेडवर आळीपाळीनं पळायचे. क्यूईएमयू ह्या प्रसिद्ध इम्युलेटरनं हे २०१७ मध्ये २.९ आवृत्तीत आणलं, आम्ही आत्ता कुठे तिथवर पोचत होतो.

एका कोअरवर चालवलं की सगळं व्यवस्थित, चार कोअर दिले की कन्सोल, म्हणजे सिरियल पोर्टवरची ती लॉगिनची स्क्रीन, बंद. झालं, निकाल लागला. टीम लीडनं खुर्ची न वळवताच सांगितलं, "अगं, तुझे थ्रेड बघ आधी." मलाही तेच वाटत होतं, म्हणून वादच घातला नाही.

पहिला सबंध दिवस मी एका छान थिअरीच्या मागे घालवला. जिकमध्ये एकाच इंटरप्टसाठी दोन कोअरचे बिट लावता येतात. मग हाक दोघांनाही जाते आणि जो आधी अ‍ॅकनॉलेज रजिस्टर वाचेल त्याला इंटरप्टचा नंबर मिळतो. उशिरा आलेल्याला १०२३ मिळतो, म्हणजे 'काही नाही, परत जा'. आता दोन थ्रेड एकाच क्षणी ते रजिस्टर वाचायला आले आणि मी लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, नीट लावलेला नसला, तर दोघांनाही १०२३ मिळून इंटरप्ट हवेतच विरून जाईल. ऐकायला काय सुंदर! ह्या जिकवर लिनक्स मुळात एकाच कोअरचा बिट लावतो, हे मला पक्कं माहीत होतं. तरीही संध्याकाळपर्यंत मी लॉक लावत बसले होते. डिव्हाइसच्या थ्रेडमधून इंटरप्टची लाइन वर करण्याच्या वाटेवर एक लॉक कमी होता, तोही लावून टाकला. कन्सोल तसाच ढिम्म.

थ्रेड नसलेल्या जुन्या बिल्डवर नवा कर्नल चढवून बघणं, हे खरं तर पहिल्या तासात करायचं काम. ते मी दुसऱ्या दिवशी जेवणानंतर केलं. तिथेही कन्सोल तसाच अडकला. म्हणजे थ्रेडचा संबंध नाही. सुटले म्हणावं तर आता हातात काहीच उरलं नव्हतं.

मग एसएसएचमधून प्रॉक-इंटरप्ट्सची फाइल, म्हणजे कुठल्या कोअरला किती इंटरप्ट पोचले त्याची कर्नलनं ठेवलेली मोजणी, उघडून बसले. चार कोअरचे चार रकाने. टायमरच्या ओळीत चारही आकडे पळत होते. टायमर प्रत्येक कोअरचा स्वतःचा, त्याला टार्गेट लागतच नाही. कोअर एकमेकांना मारतात त्या हाकाही चालू होत्या. छत्तीस नंबरला नेटवर्क, पहिल्या रकान्यात, जोरात. सदतीस नंबरला सिरियल पोर्ट: शून्य, शून्य, शून्य, शून्य. बेचाळीसला एसडी कार्ड, तिथेही चार शून्यं, आणि लॉगमध्ये टाइमआउटची रांग. बूट मेसेज तेवढे पूर्ण का आले तेही इथेच कळलं. कर्नल स्वतःचे मेसेज पोर्टकडे बघत बसून एकेक अक्षर ढकलतो, इंटरप्टची वाट बघत नाही. वाट बघतो तो लॉगिनचा प्रॉम्प्ट.

नेटवर्कला तिसऱ्या कोअरवर हलवून बघितलं, मास्कमध्ये, म्हणजे त्याच एकेका कोअरच्या बिटांत, चार लिहून, म्हणजे तिसरा बिट लावून. पहिल्या रकान्यातला आकडा थांबला, तिसऱ्यातला पळायला लागला. म्हणजे रूटिंग, हाक ठरल्या कोअरकडे वळवणं, चालतंय. परत जागेवर आणलं. मग तेच सिरियल पोर्टला करून बघितलं: सदतीसच्या मास्कमध्ये चार, एंटर.

सदतीसची चार शून्यं तशीच राहिली. छत्तीस मात्र पहिल्या रकान्यातून उठून तिसऱ्यात जाऊन बसला.

मी नेटवर्कवर सतत रहदारी राहावी म्हणून पिंग चालू ठेवला होता, म्हणून ते डोळ्यांदेखत घडलं. सांगितलं एकाला, उठून गेला भलताच. शेजारी इंटर्न बसला होता, तो म्हणाला, "मॅम, तुम्ही चुकून नेटवर्कचाच नंबर टाकला असेल." मलाही तेच वाटलं. वर जाऊन कमांड तपासली. सदतीसच होतं. कर्नलला विचारलं तर त्याच्या मते छत्तीस पहिल्या कोअरवर आणि सदतीस तिसऱ्यावर. कर्नलनं आपण काय सांगितलं तेवढं लक्षात ठेवलं होतं, जिकला परत जाऊन विचारलं नव्हतं. तो विचारतही नाही.

इम्युलेटरच्या मॉनिटरमधून जिकची वहीच उघडली. टार्गेटचं टेबल हेक्समधल्या ८०० पासून सुरू होतं, छत्तीस म्हणजे हेक्समध्ये २४, म्हणून छत्तीसचा बाइट ८२४ वर. तिथले चार बाइट ओळीनं: ०४ ००, ०० ००. पुढचे चार, चाळीस ते त्रेचाळीस: ०१ ००, ०० ००. त्याच्या पुढचे चार, जिथे एकही डिव्हाइस नाही: ०१ ०१, ०१ ०१. सदतीसचा पेंडिंग बिट, म्हणजे 'हाक आली, अजून पोचवली नाही' ही खूण, लागलेला होता. पोर्ट हाका मारून मारून थकलेला, आणि वहीत त्याच्यापुढे फ्लॅट नंबरच नाही.

चाराने भाग जाणारे जिवंत, बाकीचे मेलेले. एवढं दिसल्यावर फाइल उघडायला अर्धं मिनिटही लागलं नाही. टेबल बत्तीस बिटांच्या शब्दांचा अ‍ॅरे, आणि लिहिण्याच्या फंक्शनमध्ये ऑफसेटला, म्हणजे टेबलातल्या जागेला, चाराने भागून खाना काढलेला आणि लिहायला आलेली किंमत सरळ त्या खान्यात ठेवलेली. किती बाइट लिहायचे आहेत हे फंक्शनला पॅरामीटर म्हणून मिळत होतं; ते कोणी वाचतच नव्हतं. ८२५ वर एक बाइट लिहा म्हटलं की ८२४ पासूनचा सबंध शब्द बदलायचा: किंमत पहिल्या बाइटमध्ये, उरलेल्या तिघांना शून्य. एका कोअरवर हे टेबल बघायचं कारणच नाही, सगळं त्याच कोअरला जातं. म्हणून तिथे सगळं व्यवस्थित.

मग इतकी वर्षं हे चाललं कसं? आमचा जुना कर्नल पूर्ण शब्द वाचायचा, त्यातला आपला बाइट बदलायचा आणि पूर्ण शब्द परत लिहायचा. त्यात धोका होता: दोन कोअरनी एकाच वेळी शेजारशेजारच्या इंटरप्टची रूटिंग बदलली तर एकाचं लिहिणं दुसरा पुसून टाकणार. त्याभोवतीचा लॉक बहुतेक कॉन्फिगरेशनमध्ये नावापुरताच होता. २०२० मध्ये कर्नलवाल्यांनी ते काढून तिथे सरळ एक बाइट लिहायला सुरुवात केली. आर्मच्या मॅन्युअलमध्ये ही रजिस्टर बाइटनं लिहिता येतात असं स्वच्छ म्हटलंय, तेव्हा चूक त्यांची नाहीच. बूट होताना सुरुवातीला कर्नल टेबल पूर्ण शब्दांनी भरतो, म्हणून ०१ ०१, ०१ ०१ दिसत होतं. मग प्रत्येक ड्रायव्हर आपला इंटरप्ट मागायला आला की एक बाइट, आणि तीन शेजारी गारद. आमचं मॉडेल मॅन्युअल बघून लिहिलेलंच नव्हतं, जुन्या कर्नलच्या सवयी बघून लिहिलेलं होतं. त्या ओळीच्या कमिटवरचा, म्हणजे कोड जमा करतानाचा, मेसेज एवढाच: चार कोअरवर लिनक्स बूट होतो.

ह्या बदलात खरी चिपही अडकली होती, हे नंतर वाचलं तेव्हा जरा बरं वाटलं. एका जुन्या चिपमध्ये जिकची जोडणीच अशी होती की बाइटनं लिहिलेलं चालत नव्हतं. तिच्यासाठी कर्नलमध्ये २०२१ साली खास पळवाट घालावी लागली. आम्हाला निदान सिलिकॉन बदलायचं नव्हतं.

दुरुस्ती सहा ओळींची: जितके बाइट सांगितले तितकेच लिहायचे. प्रायॉरिटीच्या टेबलातही हाच प्रकार होता, तोही हातासरशी उरकला. बिल्ड झाली, थ्रेड चालू ठेवून चार कोअरवर बूट केलं आणि लॉगिन पूर्ण आलं. इंटर्ननं स्वतःच सदतीसला तिसऱ्या कोअरवर धाडलं. सदतीसच गेला.

"म्हणजे तुझ्या थ्रेडमध्ये काही नव्हतं," लीड म्हणाली, आणि तिनं तसं कस्टमरला लिहूनही टाकलं.

संध्याकाळी पहिल्या दिवशीचे लॉक काढायला बसले. एकेक काढत गेले. डिव्हाइसच्या वाटेवरचा तो एक काढला आणि रात्रभर टेस्ट लावली, तर सकाळी एसडी कार्डचा एक इंटरप्ट हरवलेला. लॉक परत घातला. तो शुक्रवार होता. लीडला सांगायला मी सोमवारपर्यंत थांबले.