तीन वाजून छत्तीस मिनिटं

आधीच कबूल करते, मला बेसबॉल कळत नाही. आता जे काही थोडं कळतं ते पिट्सबर्गमधल्या एका विटांच्या भिंतीपाशी, कॅम्पिंगच्या खुर्चीत अडीच तास बसून कळलं. तेही रेडिओवरून.

लेक-जावई तिकडे असतात. जावयाने फोनवर मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, "आई, या वेळी तुम्हाला स्टेडियममध्ये मॅच दाखवतो." आम्ही दोघं पोचलो २०२४ च्या ऑक्टोबरात, आणि पायरेट्सचा, म्हणजे पिट्सबर्गच्या बेसबॉल संघाचा, मोसम सप्टेंबरअखेरीसच आटोपलेला. प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, गेले असते तर मॅच मिळाली असती म्हणे. पण ही टीम २०१५ नंतर प्लेऑफमध्ये गेलेलीच नाही. "ज्याला नऊ वर्षांत कळलं नाही त्याला आता काय कळणार," लेक म्हणाली. मी जावयाची बाजू घेतली. सासूने घ्यायचीच असते.

नायगारा पाहिला, भिजले. न्यूयॉर्कला चार दिवस काढले, पाय सुजले. त्या दोन्हींबद्दल भरपूर लोकांनी लिहून ठेवलंय, मी भर घालत नाही.

मॅच नाही तर निदान स्टेडियम बाहेरून तरी दाखवतो म्हणून जावयाने नदीकाठी नेलं. तिथला एक पिवळाधमक पूल थेट स्टेडियमच्या दारात उतरतो, नाव रॉबर्टो क्लेमेंटे पूल. मॅचच्या दिवशी त्यावर गाड्या बंद, नुसती माणसं. स्टेडियमची उजवीकडची भिंत बरोबर २१ फूट उंच आहे, कारण क्लेमेंटे या पायरेट्सच्या खेळाडूच्या पाठीवरचा आकडा २१. आपल्याकडे चौकाला नाव देऊन मोकळे होतात, इथे भिंत मोजून बांधली.

त्या पुलावर वारा खात जावयाने क्लेमेंटेची गोष्ट सांगितली, आणि खरं सांगायचं तर बेसबॉल माझ्या डोक्यात तिथून शिरला. मूळचा प्वेर्तो रिकोचा. अमेरिकन पेपरवाले त्याला 'बॉब' म्हणायचे, कार्डांवरसुद्धा तेच छापायचे. हा सांगून थकायचा की माझं नाव रॉबर्टो आहे. ३० सप्टेंबर १९७२ ला त्याने कारकिर्दीतली ३०००वी हिट मारली. हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं, आणि बेस म्हणजे पळताना गाठायचे टप्पे. त्याच वर्षी नाताळाच्या तोंडावर निकाराग्वात मानाग्वाला मोठा भूकंप झाला. याने मदत गोळा करून पाठवली, तर ती भूकंपग्रस्तांपर्यंत पोचतच नाही, मधल्यामध्ये गडप होते असं कानावर आलं. मग ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतःच माल भरलेल्या जुनाट विमानात बसला. माल क्षमतेपेक्षा जास्त होता. उड्डाण झाल्या झाल्या विमान समुद्रात कोसळलं. देह सापडलाच नाही. वय ३८. हिटांचा आकडा ३००० वर थांबला तो थांबलाच.

आम्ही सोलापूरचे. किल्लारीचा भूकंप झाला ती पहाट ३० सप्टेंबरचीच, १९९३ ची. आमच्या बँकेतून ब्लँकेटं, भाकऱ्या, रॉकेलचे डबे भरून टेम्पो गेले होते. "माल नेमका पोचला का?" हा प्रश्न आम्हीही तेव्हा रोज विचारायचो. टेम्पोसोबत जायला बाकी पहिल्या दिवशी दोघंच तयार झाले होते, आणि त्यात मी नव्हते. हे त्या पुलावर आठवलं. ह्यांना म्हटलं, चला, फार गार वारा सुटलाय.

जावयाला आता चेव चढला. दुसऱ्या दिवशी थेट दफनभूमी. पर्यटनाला आलेल्या सासू-सासऱ्यांना स्मशानात नेणारा जावई मी पहिल्यांदाच पाहिला. जागा सुंदर आहे, टेकड्या, मोठमोठी झाडं, संगमरवरी देवदूत. आम्ही ज्याच्यासाठी गेलो त्याचा दगड मात्र जमिनीलगत, सपाट. वाळलेली पानं पायाने बाजूला केली तेव्हा नाव दिसलं, जॉश गिब्सन, आणि खाली 'महान बेसबॉलपटू' अशा अर्थाचे तीन शब्द. काळ्या खेळाडूंना मोठ्या लीगमध्ये घेत नसत त्या काळातला हा फटकेबाज कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा बॅटवाल्याच्या मागे बसणारा. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या, आणि पिट्सबर्ग परिसरातच दोन जबरदस्त संघ होते. हा दोन्हींकडून खेळला. २० जानेवारी १९४७ ला गेला, पस्तिशीत. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन हा काळा खेळाडू मोठ्या लीगमध्ये उतरला आणि दार उघडलं. मी बोटांवर मोजलं, ८५ दिवस. बँकेत जन्म गेला, दिवस मोजायची सवय जात नाही. १९७५ पर्यंत या जागेवर दगडही नव्हता. आणि मे २०२४ मध्ये, म्हणजे आम्ही जायच्या चार-पाच महिने आधी, त्या लीगचे आकडे अधिकृत धरले गेले, आणि सगळ्या काळातली सर्वांत चांगली सरासरी कुणाची निघाली? याची, .३७२. हजारात ३७२ वेळा हिट. या खेळात हजारात तीनशे जमले तरी डोक्यावर घेतात. थकबाकी वसूल झाली, खातेदार मात्र ७७ वर्षांपूर्वीच गेलेला.

दसऱ्याला पेन हिल्सच्या वेंकटेश्वर मंदिरात गेलो. प्रसादाचा पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, उत्तम. आपट्याची पानं मिळाली नाहीत, कुठल्यातरी झाडाची पिवळी पानं एकमेकांना देऊन वेळ भागवली.

आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, १३ ऑक्टोबरला, ती भिंत.

ओकलंड म्हणजे पिट्सबर्गमधला विद्यापीठाचा भाग. आपल्याकडे कॉलेजच्या आवारात असतं तसंच वातावरण, सगळे कानात काहीतरी घालून घाईत. तिथे पूर्वी फोर्ब्स फील्ड नावाचं मैदान होतं, १९०९ ते १९७०. बेब रूथ या नावाजलेल्या फटकेबाजाने कारकिर्दीतला शेवटचा, ७१४वा होम रन (आपल्या षटकारासारखा, थेट भिंतीपलीकडे जाणारा फटका) इथेच मारला, मे १९३५ मध्ये, तोही स्टँडच्या छपरावरून पार. मैदान पाडून विद्यापीठाने इमारती बांधल्या. मात्र मागच्या भिंतीचा एक तुकडा ठेवला, वेलींनी माखलेला. त्यावर अजून पांढऱ्या अक्षरात अंतर लिहिलंय, ४५७ फूट. म्हणजे जवळजवळ १४० मीटर. मैदान तिथे एवढं खोल होतं की सरावाची जाळी मॅच चालू असतानाही त्याच कोपऱ्यात उभी करून ठेवत, एवढ्या लांब चेंडू येतोय कशाला!

होम प्लेट, म्हणजे बॅटवाला उभा राहतो तिथला पांढरा पाचकोनी तुकडा, इमारतीच्या आत फरशीत काचेखाली बसवलाय. पोरंपोरी त्यावरून चालत जातात, खाली बघतसुद्धा नाहीत. नेमकी मूळ जागा धरायची तर म्हणे तो बायकांच्या स्वच्छतागृहात बसवावा लागला असता, असा तिथला विनोद आहे. माझा पाय काचेला लागला आणि मी सवयीने वाकून हात लावून नमस्कार केला. लेक चार पावलं पुढे निघून गेली, जणू ओळखच नाही.

तर १३ ऑक्टोबर १९६० ला इथे वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मोठ्या लीगच्या विजेतेपदाच्या मालिकेचा, सातवा, निकालाचा सामना झाला. समोर न्यूयॉर्क यांकीज. पहिल्या सहा सामन्यांत तीन-तीन बरोबरी, पण यांकीजचे विजय कसे, तर १६-३, १०-०, १२-०. पिट्सबर्गचे तीन मात्र घासून घासून. दरवर्षी त्याच तारखेला दुपारी लोक त्या भिंतीपाशी जमतात, खुर्च्या टाकतात आणि त्या सामन्याची रेडिओ कॉमेंट्री सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकतात. वेळ अशी साधतात की शेवटचा फटका मूळच्याच वेळेला यावा, तीन वाजून छत्तीस मिनिटांनी. निकाल सगळ्यांना पाठ. तरी ऐकतात.

ऐकलं तेव्हा मला हा खुळेपणा वाटला. ह्यांनी तर सरळ सांगितलं, मी घरी झोपतो. मग मी, लेक आणि जावई ६१ नंबरची बस धरून निघालो. पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. त्यांच्याकडे सँडविचच्या आतच बटाट्याच्या काचऱ्या आणि कोबी कोंबतात, एकदा खाल्लं, पुरे झालं.

माझ्या शेजारी एक ऐंशीच्या घरातले आजोबा. मांडीवर स्कोअरबुक, कानामागे पेन्सिल. हे बघितलं आणि मी खुर्ची सरकवली. आमचे अण्णा पार्क मैदानावर क्लबच्या मॅचचं स्कोअरिंग करायचे. रविवारी मी त्यांच्या शेजारी पेन्सिलींना टोक काढून द्यायला. घरी बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री चालू असली की अण्णा तीही वहीत उतरवून घ्यायचे, दुसऱ्या दिवशी पेपरात आयती मिळणार असली तरी. आई म्हणायची, उद्योग नाही दुसरा.

आजोबांनी मला चौकोन समजावले. प्रत्येक क्षेत्ररक्षकाला आकडा असतो. चेंडू टाकणारा पिचर १, कॅचर २, असं करत उजवीकडचा ९. चेंडू कुणाकडून कुणाकडे गेला ते आकड्यांनी लिहायचं. चौकोनात छोटा हिरा काढलेला असतो, माणूस एकेक बेस पुढे सरकला की त्याची एकेक बाजू गडद करायची, धाव झाली की आख्खा हिरा भरायचा. तीन स्ट्राइकवर, म्हणजे चेंडू मारायच्या तीन संधी वाया घालवून, बाद झाला तर 'के'. "पण या पानावर तुम्हाला एकही के सापडणार नाही," ते म्हणाले. "वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा एवढाच सामना." दरवर्षी कोरं पान घेऊन ते हा सामना नव्याने लिहितात. मी किती वर्षं विचारलं नाही. वहीची जाडी दिसत होती.

पिट्सबर्ग ४-० पुढे. मग ५-४ मागे. आठव्या इनिंगमध्ये ७-४ मागे. भोवतालची माणसं गप्प झालेली. अहो, चौसष्ट वर्षं झाली! मग एक साधा जमिनीवरून गेलेला चेंडू, खात्रीचा बाद, खड्यावर आदळून उसळला आणि यांकीजच्या शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक), टोनी कुबेकच्या, नरड्यात बसला. आजोबांनी पेन्सिल उचललीच नाही, नुसतं बोटाने चौकोनावर टकटक केलं. पुढे क्लेमेंटेचं नाव आलं. पहिल्या बेसच्या बाजूला रेंगाळणारा फटका, आणि हा पळून बेसवर सुखरूप. नाव ऐकून मी टाळी वाजवली. मागोमाग हॅल स्मिथचा तीन धावांचा होम रन. ९-७. एका बाईने माझ्या खांद्यावर थाप मारली, जणू मीच मारला.

नववी इनिंग सुरू होताना आजोबा उठले. वही आणि पेन्सिल माझ्या हातात. "धरा. यांकीजची ही बॅटिंग मी ऐकत नाही." आणि काठी टेकत निघूनच गेले.

माझी जी तारांबळ उडाली! जावई दूर उभा. लेकीला माझ्याइतकंच कळतं. रेडिओवर रिचर्डसन. हिट, पहिल्या बेसवर. लिहायचं कसं? हात आपोआप चालला, एक धाव म्हणजे '१'. तोही देवनागरी. पुढचा डेल लाँग, तोही '१'. एक उंच उडालेला चेंडू कॅचरने घेतला, तिथे मी झोकात '२' लिहिलं, एवढं शिकले होते. मग मँटल, '१'. मग जे झालं ते मला आजही नीट कळलेलं नाही, मँटल कुणालातरी चुकवून परत बेसवर झेपावला आणि तेवढ्यात दुसरा धाव घेऊन गेला. मी फक्त समासात लिहिलं ९-९.

आजोबा आले, खुर्चीत बसले. वही मागितली नाही, कारण पिट्सबर्गचा माझेरोस्की बॅटिंगला आला होता. आठव्या क्रमांकाचा फलंदाज, नावाजलेला तो दुसऱ्या बेसवरच्या क्षेत्ररक्षणासाठी. कॉमेंट्रेटर सांगतो, डिटमार चेंडू टाकतोय. आमची रांग हसली. टाकत होता राल्फ टेरी, डिटमार बाहेर सराव करत होता. घाईत चूक झाली ती झाली, आणि गेली चौसष्ट वर्षं बिचारा डिटमार त्या एका वाक्यात चेंडू टाकतोच आहे. पहिला चेंडू बाहेर. दुसरा... डावीकडे उंच, यांकीजचा योगी बेरा मागे मागे जातो, भिंतीवरून पार.

आमच्या भिंतीवरून नव्हे बरं का. तो चेंडू गेला ती बाजू पाडली, तिथे फुटपाथवर विटांची रेघ आणि एक पाटी आहे. आम्ही सगळे उरलेल्या तुकड्याकडे बघून ओरडत होतो. मीसुद्धा. काय ओरडले ते आठवत नाही, मराठीत होतं हे लेक सांगते. कॉमेंट्रेटर त्या आनंदात "दहा-शून्य" असा निकाल सांगून बसला, मग सावरून दहा-नऊ. त्यालाही सगळे हसले.

सिरीजमध्ये यांकीजच्या धावा ५५, पिट्सबर्गच्या २७. हरले यांकीज. ताळेबंदाच्या माणसाला हा खेळ पचायला कठीण आहे.

आजोबांनी वही घेतली, माझेरोस्कीचा हिरा सावकाश, कडेला बाहेर न जाता भरला. मग नजर माझ्या ओळीवर गेली. "हे काय?" म्हटलं, आमच्याकडे एकला असं लिहितात. बेसबॉलच्या वहीत त्या जागी १ म्हणजे पिचर, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून मी माझ्या पर्समधला खोडरबर पुढे केला. त्यांनी घेतला नाही. वही मिटली, रबरबँड लावला आणि चटणीकडे बोट करून विचारलं, यात तिखट किती?

बसमध्ये लेक म्हणाली, बाबांना सांग काय झालं ते. घरी आलो तर हे उठून चहा करत होते. "कोण जिंकलं?" त्यांनी विचारलं.