पैसे देऊन माती उपसणारी माणसं

आई तीन महिन्यांसाठी इंग्लंडला, न्यूकॅसलला आली होती. रोमन बादशहा हेड्रियनची भिंत तिला आधीच दाखवून झालेली (त्यावर "पन्हाळ्याचा तट याच्यापेक्षा उंच आहे की" असा शेरा आला, आणि खरंच आहे), म्हणून एका मंगळवारी सुट्टी टाकून विंडोलँडा हा जुना रोमन किल्ला बघायला गेलो. हेक्समपर्यंत ट्रेन, पुढं बस. बसचा नंबर एडी १२२, म्हणजे इ.स. १२२, भिंत बांधायला घेतली तेच साल. असला फालतू जोक मला फार आवडतो.

विंडोलँडाचा किल्ला भिंतीच्याही आधीचा, इ.स. ८५ च्या आसपासचा. दगडी पाये बघून मला खरं तर दहा मिनिटांत कंटाळा आला असता, पण इथं दर उन्हाळ्यात खोदकाम चालू असतं आणि ते तुमच्या समोर चालतं. मध्ये नुसती एक दोरी. पलीकडं चिखलात बसलेली माणसं खुरप्यासारख्या छोट्या थापीनं माती खरवडत असतात आणि तुम्ही विचारलं की काम थांबवून बोलतात. त्यातले बरेचसे व्हॉलंटियर, आणि ते इथं खणायला स्वतः पैसे भरतात! हे सांगितल्यावर आईचा चेहरा बघण्यासारखा होता. "अगं, पैसे देऊन माती उपसायची? आपल्याकडं रोजगार हमीवर तरी पैसे मिळतात."

दोरीजवळच्या रिटायर्ड बाईंनी आम्हाला एक काळपट तुकडा दाखवला. मला वाटलं आता काहीतरी भारी निघालं. बैलाचं हाड होतं. त्यांना त्याचाही आनंद होता.

पण इथली खरी गंमत त्या चिखलातच आहे. रोमन लोक जुना लाकडी किल्ला पाडायचे, त्यावर चिकणमाती नि गवताची ढेपं पसरायचे आणि वर नवा किल्ला बांधायचे, असं कितीतरी वेळा झालं, त्यामुळं खालचा थर झाकण लावल्यासारखा बंद झाला, आत ओल राहिली पण हवा शिरली नाही, म्हणून चामडं, लाकूड, कापड असलं जे दुसरीकडं कधीच कुजून गेलं असतं ते इथं टिकलं. पाच हजारांवर चपला-बूट मिळालेत. २०१४ ला लाकडी टॉयलेट सीट मिळाली, २०१७ ला बॉक्सिंगचे चामडी हातमोजे. अर्थात बाहेर काढलं की खरी धावपळ सुरू होते, कारण असं भिजलेलं लाकूड तसंच वाळू दिलं तर आक्रसतं, तडकतं. मग त्यातल्या पाण्याची जागा हळूहळू मेणासारख्या केमिकलनं भरून काढायची, याला महिनोन्‌महिने लागतात.

आणि रोमन लोकांनी लिहिलेल्या त्या लाकडी पाट्या! १९७३ ला पुरातत्त्वज्ञ रॉबिन बर्ली यांना दोन पातळ लाकडी ढलप्या चिकटलेल्या सापडल्या, सोडवल्या तर आत शाईची अक्षरं, आणि हवा लागताच ती दिसेनाशी झाली. शेवटी इन्फ्रारेड फोटोत वाचता आली. बहुतेक पाट्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, थोड्या इथं काचेत ठेवल्यात. एका पत्रात मोजे, सँडल आणि अंडरपँट पाठवल्याचं लिहिलंय, दुसऱ्यात एक जण साहेबांना कळवतो की पलटणीतल्या पोरांची बिअर संपलीय, पाठवा. आईला मात्र क्लॉडिया सेवेराचं पत्र भावलं. इ.स. १०० च्या सुमारास तिनं मैत्रीण लेपिडिनाला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाचं बोलावणं केलंय, मजकूर लेखनिकाकडून लिहून घेतलाय आणि शेवटच्या ओळी स्वतःच्या हातानं.

"बोलावणं दुसऱ्याकडून लिहून घेतलं तरी 'नक्की ये गं' आपणच लिहायचं असतं," आई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये मी तिला आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधल्या ब्रॉन्झच्या पोसायडनची आठवण करून दिली, ब्रह्मपुरीच्या टेकाडावर मिळालेला रोमन काळातला समुद्रदेव. तर म्हणे, "शाळेच्या ट्रिपला पाह्यला असेल. कुणी सांगितलंच नाही तो मातीतनं कसा काढला ते."

मग हेक्सम येईपर्यंत गप्प. उतरताना म्हणाली, "त्या बाई माझ्याच वयाच्या असतील नाही? पासष्टला घेतात का गं खणायला?"