तंजावर एका दिवसात: आधी देऊळ, दुपारी राजवाडा

आम्ही उशीर केला आणि पाय भाजून घेतले. त्रिचीहून बसने (साधारण ५५ किलोमीटर) निवांत निघून बृहदीश्वराच्या देवळात पोचलो तर बारा वाजत आलेले. चपला बाहेर ठेवायच्या आणि आत एवढं मोठं फरसबंद आवार! आई सावली बघत भिंतीच्या कडेकडेने, मी उड्या मारत. त्यात साडेबाराला गाभारा बंद झाला, तो उघडणार चारला. तेव्हा सकाळी लवकर जा, आणि पिशवीत जाड मोजे टाका.

राजराज चोळाने १०१० मध्ये पुरं केलेलं हे देऊळ. साठ मीटरहून उंच शिखर, तेही ग्रॅनाइटचं. त्याची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आई त्याच सावलीत बसली होती.

मला खरी ओढ होती ती मराठी शिलालेखाची. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी १८०३ मध्ये आपल्या भोसले घराण्याचा इतिहास इथल्या भिंतीवर कोरून घेतला. बहुतेक लोक नंदी बघून परततात. तुम्ही आवाराच्या नैर्ऋत्येकडे जा. सापडला नाही तर ‘मराठी कल्वेट्टु’ एवढं विचारा, कल्वेट्टु म्हणजे शिलालेख. ओळीच्या ओळी देवनागरी! आईने चष्मा पुसला आणि बोट हवेत फिरवत अक्षरं लावायला लागली. शब्द तुटक लागतात, पण लागतात. मागे तमिळ बायकांचा घोळका थांबला, ही बाई भिंतीशी काय बोलतेय म्हणून.

दुपार राजवाड्यासाठी ठेवा. वेगवेगळ्या दालनांची तिकिटं वेगळी, सुटे पैसे हवेत. चोळकालीन कांस्यमूर्तींसमोर घाई नको. तिथेच इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समनने घडवलेला सरफोजींचा संगमरवरी पुतळा आहे, हात जोडलेला. राजवाड्यातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात हजारो हस्तलिखितं, मोडी कागदही आहेत, पण आपल्याला बघायला मिळतं ते संग्रहालयापुरतंच. सरफोजींच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसकट, याच संग्रहात आहेत. सरकारी सुट्टी नाही ना, एवढं आधी बघा.

मान डोलावणारी बाहुली घ्यायची तर घासाघीस करा. संध्याकाळी पुन्हा देवळात गेलो. दगड निवले होते, शिखर तांबूस झालं होतं, आणि आई मोजे न घालता परत त्या भिंतीकडे निघाली होती.