रात्रीत उतरणारी बॅटरी: आधी हिशेब, मग मल्टिमीटर

रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी सेल्फ मारल्यावर नुसती टक-टक करते. मग कोणी थेट नवी बॅटरी घेतो, तर कोणी 'करंट लीक' शोधायला गाडी इलेक्ट्रिशियनकडे सोडतो. त्याआधी दोन ओळींचं गणित मांडा.

बॅटरी ४५ अँपिअर-अवरची (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-अवर) धरू. बंद गाडीत अलार्म, घड्याळ आणि कंट्रोल युनिटची (गाडीतल्या छोट्या संगणकांची) मेमरी मिळून २० ते ५० मिलिअँपिअर खातात. ५० धरले तरी दहा तासांत अर्धा अँपिअर-अवर. डिकीतला ५ वॅटचा दिवा रात्रभर जळला तर साधारण ४ अँपिअर-अवर. एवढ्यानं चांगली, भरलेली बॅटरी आडवी होत नाही. म्हणजे गाडी एका रात्रीत बंद पडत असेल तर गळती दोन-तीन अँपिअरची आहे, किंवा बॅटरी थकली आहे, किंवा ती पूर्ण भरतच नाही.

यातलं नेमकं काय, हे एका रात्रीत कळतं. बॅटरी चार्जरवर पूर्ण भरा (करंट क्षमतेच्या एक-दशांश, म्हणजे इथे साडेचार अँपिअरच्या आसपास), दोन-तीन तास तशीच राहू द्या आणि मल्टिमीटरनं (व्होल्ट-अँपिअर मोजणारा मीटर) व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. मग निगेटिव्ह टर्मिनल काढून रात्र जाऊ द्या. सकाळी १२.६ व्होल्ट असेल तर चोर गाडीत आहे. काहीही जोडलेलं नसताना १२.२ वर आली असेल तर बॅटरीच गेली. १०.५ च्या आसपास दिसलं तर एक सेल मेलाय. सहा सेल, प्रत्येकी २.१ व्होल्ट, त्यातला एक वजा. बॅटरी टिकली तर ती जोडून गाडी सुरू करा. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.७ मिळायला हवं. (काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी भरणारा जनित्र, मुद्दाम कमी-जास्त होतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नका.)

बॅटरीच्या डोक्यावरची घाणही पाहा. मल्टिमीटरची काळी पिन निगेटिव्हवर ठेवून लाल पिन नुसत्या प्लास्टिकवर फिरवा. आकडा हलला तर ओलसर, आम्लाळ थरातून करंट वाहतोय. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसा. झाकणाच्या भोकांतून ते पाणी आत जाता कामा नये.

आता खरी मोजणी. अंगठी-घड्याळ काढा. मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर, निगेटिव्ह पोस्ट आणि सुटी केलेली वायर यांच्यामध्ये. इथे बहुतेकांचा घात होतो: मीटर लावल्यावर दार उघडलं, सेल्फ मारला किंवा हेडलाइट लावले की मीटरचा फ्यूज उडतो. म्हणून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरनं आधीच 'बंद' स्थितीत दाबून ठेवा, बॉनेटला स्विच असेल तर तोही. चावी स्मार्ट असेल तर लांब नेऊन ठेवा, जवळ असली की गाडी पुन:पुन्हा जागी होते. मग थांबा, अर्धा-पाऊण तास. सुरुवातीला दिसणारे दोन-तीन अँपिअर पाहून घाबरू नका. कंट्रोल युनिट एकेक करून झोपतात आणि आकडा पायऱ्या उतरतो. ५० मिलिअँपिअरच्या खाली स्थिरावला तर गळती नाही.

वर अडकला तर फ्यूज उपटत सुटू नका. फ्यूज परत बसवताना युनिट जागं होतं आणि अर्धा तास वाया जातो. फ्यूजच्या पाठीवर दोन उघडी टोकं असतात, त्यांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य म्हणजे त्यातून काही वाहत नाही. १० अँपिअरच्या मिनी फ्यूजचा रोध साधारण ७-८ मिलिओहम असतो, म्हणजे १ मिलिव्होल्ट दिसला तर सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर.

एका रात्रीत बॅटरी संपवणाऱ्यांत पहिला संशय ब्रेक लाइटच्या स्विचवर घ्यावा. पेडलच्या दांड्यावर प्लास्टिकची किंवा रबरची छोटी गोटी असते, तिच्यावर स्विचची पिन दाबलेली राहते. वर्षांनी गोटी ठिसूळ होऊन फुटते, पिन भोकातून बाहेर येते आणि ब्रेक लाइट पेटून राहतात. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, दहा तासांत ३५ अँपिअर-अवर. पायाशी तुकडे सापडले की निदान झालं; नवी गोटी बसवा. पुढचा संशय चिकटलेल्या रिलेवर (विजेनं चालणारा छोटा स्विच). रात्रभर उभ्या गाडीत एखादी रिले हाताला कोमट लागली तर तसलीच दुसरी लावून पाहा. बाहेरून बसवलेल्या स्टिरिओत कधी कधी पिवळी आणि लाल वायर एकत्र पिळलेली असते. पिवळी कायम सप्लायवर, लाल चावीवर हवी. डॅशकॅम आणि ट्रॅकर यांचंही तेच.

सगळ्या फ्यूजवर शून्य, तरी गळती? मग अल्टरनेटरचा डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग). निगेटिव्ह सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोकाला टेप गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर डायोड गळतोय.

शेवटी जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर. काढताना नेमकं उलट, म्हणजे पाना बॉडीला लागला तरी ठिणगी नाही. पूर्ण उतरलेली बॅटरी नुसती गाडी फिरवून भरायला सोडू नका, चार्जरवरच लावा.