नुसतं बसणं

'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला 'तसा काही नाही, नुसता बसून असतो' असं उत्तर आलं की आपल्याकडे स्थळ तिथेच बारगळतं. व्यसन एकवेळ सुटेल, पण बसणं सुटायचं नाही, असा एकूण सूर. घरात आरामखुर्ची असते, पण तिच्यात बसायला हातात पेपर तरी हवा. हात मोकळे दिसले की कुणीतरी शेंगा सोलायला आणून ठेवतंच.

म्हणून वासुदेव गायतोंडे या चित्रकाराबद्दल वाचताना मला नेहमी एक भाबडा प्रश्न पडतो: या गृहस्थांचं गिरगावातल्या चाळीत कसं निभावलं असेल? जन्म 1924चा, नागपूरचा. घराणं मूळ गोव्याचं. वाढले मुंबईत, गिरगावात. 1948 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली आणि लवकरच सूझा-रझा-हुसेन यांच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये त्यांना बोलावणं आलं. इथवर सगळं रीतसर. पुढे मात्र हा माणूस वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करू लागला. उरलेले दिवस? बसायचे. कोऱ्या कॅनव्हासकडे बघत, संगीत ऐकत, कधी कशाकडेच न बघता.

अमूर्त चित्रकार 'उत्स्फूर्त' असतो, असं आपण धरून चालतो. झटका आला, बादलीभर रंग ओतला, झालं चित्र. सिनेमांनी आणि कॉफीच्या जाहिरातींनी हे डोक्यात पक्कं बसवलंय. त्यातूनच प्रदर्शनात हटकून ऐकू येणारं ते वाक्य येतं: 'असं तर आमची चिंगीसुद्धा काढेल.' चिंगीच्या गुणांबद्दल मला आदरच आहे. पण चिंगी दोन महिने कागदासमोर गप्प बसेल का, हा खरा प्रश्न आहे. गायतोंड्यांच्या बाबतीत अंतःप्रेरणा ही घाईची गोष्टच नव्हती. आधी कच्चं रेखाटन नाही, ठरवलेला विषय नाही, नाव तर बहुतेक चित्रांना नाहीच. काय उमटेल ते आधी ठरवायचं नाही, पण उमटायला लागेल तेव्हा जागेवर असायचं. खाडीवर गरी टाकून बसलेल्या माणसासारखं. त्याला मात्र कुणी आळशी म्हणत नाही, कारण संध्याकाळी घरी मासे येतात.

गंमत म्हणजे एकदा हात चालू झाला की मग त्यात गूढ काही नसायचं, शुद्ध कारागिरी असायची. हत्यारं तर अगदी आपल्या ओळखीची. दिवाळीआधी घर रंगवायला येणारा रंगारी भिंतीवर फिरवतो तसला रोलर, आणि रंग सारखा करायची, खरवडायची पॅलेट नाइफ. तैलरंगाचा पातळ थर द्यायचा, तो वाळू द्यायचा, त्यावर दुसरा, मग थोडा खरवडून खालचा वर येऊ द्यायचा. वर्तमानपत्रांचे, मासिकांचे फाडलेले कपटे ओल्या रंगावर दाबून पुन्हा उचलायचे, म्हणजे तिथे कसलीशी लिपी पुसून गेल्यासारखे आकार राहतात. वाचायला जावं तर काही लागत नाही, आणि नुसती नक्षी म्हणून सोडूनही देववत नाही. तैलरंग वाळायला वेळ घेतोच, त्याला कुणाची घाई चालत नाही. तेव्हा बसणं हे अर्धं स्वभावाचं होतं आणि अर्धं रंगाचं, असं मला वाटतं. त्यांच्याबद्दल लिहिणारे झेनकडे बोट दाखवतात, रमण महर्षींकडे आणि निसर्गदत्त महाराजांकडेही. त्यांचा ओढा तिकडे होता हे खरंच. शिवाय निसर्गदत्त महाराज म्हणजे गिरगावाला लागून असलेल्या खेतवाडीतले, विडीचं दुकान चालवून संसार केलेले. तत्त्वज्ञान शोधायला फार लांब जायची गरज नव्हती. पण वाळणाऱ्या रंगानेही त्यांना काही शिकवलं असेलच की.

सुरुवातीला तेही माणसं काढत होते. पन्नासच्या दशकातल्या चित्रांत पॉल क्ले या युरोपियन चित्रकाराची छाया दिसते, आपल्या लघुचित्रांचे सपाट, धीट रंगही दिसतात. दशक संपता संपता माणसं गेली, रेषा विरल्या आणि रंगाचं एक खोल, स्थिर पाणी उरलं. 1957 साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. 1962चं एक चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेलं. 1964 साली रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती घेऊन ते स्वतःच न्यूयॉर्कला गेले. 1971 साली पद्मश्री. पुढच्या वर्षी मुंबई सोडून दिल्लीला, निजामुद्दीन ईस्टमधल्या एका बरसातीत. बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली. कारकीर्द म्हणून हे सगळं छान दिसतं, पण मला त्यात फारसा रस नाही. बक्षिसं मिळाल्यावर बहुतेक माणसं चित्रांची संख्या वाढवतात. यांनी वाढवली नाही, एवढंच त्यातलं नोंदवावंसं वाटतं.

त्यांचं चित्र बघायचं तर मोबाइलवर बघू नये. तिथे ते मळक्या पिवळ्या रंगाचा चौकोन दिसतं आणि चिंगी जिंकते. प्रत्यक्ष समोर उभं राहिल्यावर पहिलं अर्धं मिनिट काहीच घडत नाही, उलट थोडं अवघडल्यासारखं होतं. मग मधल्या पट्ट्यात एक आडवी हालचाल जाणवते. वरचा थर पुढे आहे की खालचा, हे ठरवता ठरवता डोळे थकतात आणि मग ठरवायचं सोडून देतात. तिथून पुढे चित्र सुरू होतं. माझ्याबरोबर आलेले लोक तोवर बहुधा कँटीनमध्ये पोचलेले असतात.

त्यांच्या मागे किमतींनी भलताच वेग घेतला. 2013च्या डिसेंबरात मुंबईत ताजमध्ये क्रिस्टीजचा भारतातला पहिला लिलाव झाला, त्यात त्यांचं 1979चं एक चित्र 23 कोटी 70 लाखांना गेलं. 2021मध्ये दुसरं एक जवळपास 40 कोटींना. मुंबईकर असल्यामुळे मी लगेच चौरस फुटाचा भाव काढायला बसलो. मलबार हिल फिकं पडतं. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने 2014-15च्या हिवाळ्यात त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा तर ज्यांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं असे माझे दोन मित्र 'आपला गायतोंडे' म्हणू लागले.

हे काहीच बघायला ते नव्हते. 1984 साली दिल्लीत अपघात झाला, त्यानंतर कितीतरी काळ मोठ्या कॅनव्हाससमोर उभं राहणं जमत नव्हतं, तेव्हा कागदावर शाईने छोटी रेखाटनं केली. मग पुन्हा कॅनव्हासकडे वळले. शेवटच्या वर्षांत तेही थांबलं. 2001च्या ऑगस्टमध्ये ते गेले. रंगवणं बंद झाल्यावर कुणी विचारलं, तर चित्रं मनात चालूच आहेत, अशा अर्थाचं काहीतरी ते म्हणत असं सांगतात. मला त्यात वैराग्य वगैरे दिसत नाही. बसण्याचं काम त्यांनी आयुष्यभर केलं होतं, ते तेवढं सोडलं नव्हतं. आणि त्या चित्रांवर अजून तरी कुणाला बोली लावता आलेली नाही.