तुम्ही विचारलंत म्हणून: तबेला सोडताना महिन्याची नोटीस आणि तिचे पैसे

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "घोडा या महिन्यात दुसऱ्या तबेल्यात हलवतोय. तबेलेवाले म्हणतात, महिन्याची नोटीस द्या, नाहीतर महिन्याचे पूर्ण पैसे भरा. घोडाच तिथे नसेल तर चंदी-वैरणीचे पैसे कशाचे?" कधी तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने येतो: "मालक पहाटे ट्रक लावून घोडा घेऊन गेले. ठाण रिकामं, मोतद्दाराचा (घोडा सांभाळणाऱ्या माणसाचा) पगार डोक्यावर. हे बरोबर आहे का?"

दोघांचंही गाऱ्हाणं खरं आहे, कारण महिन्याच्या एकाच रकमेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. नोटीस ही ठाणाची, म्हणजे घोडा बांधायच्या जागेची, आणि माणसाची असते. चाऱ्याची नसते. एवढं मान्य केलं की बराचसा हिशेब कागदावर सुटतो.

समजा महिन्याचा दर २४,००० रुपये आहे. त्यातले ७,५०० ठाण, पाणी, वीज, दुरुस्ती आणि देखरेख यांचे. ६,००० मोतद्दाराच्या पगारातला त्या घोड्याचा वाटा (एक मोतद्दार साधारण तीन घोडे सांभाळतो). ९,००० चंदी (दाणा) आणि वैरणीचे. १,५०० बिछायतीच्या पेंढ्याचे किंवा भुश्याचे. पहिल्या दोन रकमा घोडा असो-नसो, तबेल्याला कराव्याच लागतात. त्या मिळून १३,५००, म्हणजे रोजचे ४५०. उरलेले १०,५०० घोडा खातो आणि मळवतो तेवढेच लागतात, म्हणजे रोजचे ३५०. आता ३० दिवसांची नोटीस दिली आणि घोडा १२ दिवसांनीच गेला, तर उरलेल्या १८ दिवसांचे ८,१०० मागणं वाजवी आहे. १४,४०० मागणं नाही. एकविसाव्या दिवशी त्या ठाणात दुसरा घोडा आला, तर पुढचे १० दिवसही कमी व्हायला हवेत. मग देणं राहतं फक्त आठ दिवसांचं, ३,६०० रुपये.

तबेल्याकडून यावर उत्तर येतं, "आम्ही दिवाळीनंतर वर्षाचं गवत भरून ठेवतो, ते तुमच्या घोड्याच्या हिशेबाने घेतलेलं असतं." वाळलं गवत कोरड्या जागी नीट रचलं तर टिकतं, आणि पुढचा घोडा तेच खातो. तो तोटा नव्हे. हिरव्या लसूणघासाचं मात्र वेगळं आहे. ती रोज येते, शेतकऱ्याशी रोजच्या पेंढ्यांचा सौदा असतो आणि आज सांगून उद्यापासून कमी करता येत नाही. तिथे चार-पाच दिवसांची लसूणघास हिशेबात धरली तर मालकाने कुरकुर करू नये.

कायद्याची बाजू थोडी सांगायला हवी. घोडा तबेल्यात ठेवणं म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२ च्या भाषेत निक्षेप: वस्तू एकाची, ताबा दुसऱ्याचा. कलम ७४ म्हणतं की करार मोडल्यास द्यायची रक्कम आधीच लिहिली असली, तरी मिळते ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा आपोआप मिळत नाही. कलम ७३ खाली भरपाई ठरवताना नुकसान टाळायचे कोणते मार्ग हातात होते तेही पाहतात. म्हणून "अनामत जप्त" असं करारात लिहून घेतल्याने प्रश्न संपत नाही, आणि ठाण मुद्दाम रिकामं ठेवून पूर्ण महिना वसूल करण्याला आधार उरत नाही.

मुदत कधीपासून मोजायची, हा भांडणाचा दुसरा मोठा उगम. "नोटीस पुढच्या १ तारखेपासून धरू" असं कलम असेल तर ३ तारखेला दिलेली नोटीस जवळजवळ दोन महिन्यांची होते. सरळ लिहावं: ज्या दिवशी लेखी कळवलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस. व्हॉट्सअ‍ॅपवर चालेल, पण तोंडी नको, आणि मोतद्दाराकडे निरोप तर मुळीच नको. मजकुरात घोड्याचं नाव, शेवटचा दिवस, ट्रक येण्याची वेळ, अनामतीची रक्कम आणि अखेरचा हिशेब कोणत्या तारखेला करायचा ते असावं.

काही वेळा नोटीस लागूच होऊ नये. घोडा मेला, तर त्या दिवशी हिशेब थांबायला हवा. मेलेल्या घोड्याच्या रिकाम्या ठाणाचे पैसे मागणं आम्हाला असह्य वाटतं, आणि हे करारात आधीच लिहून घेतलेलं बरं. शस्त्रक्रियेसाठी किंवा लांबल्या आजारासाठी घोडा पशुवैद्यकाच्या सांगण्यावरून हलवावा लागला, तर ठाण राखून ठेवायचं असल्यास फक्त स्थिर भाग (ठाणाचा आणि मोतद्दाराचा) द्यावा. आणि तबेल्यानेच ठरलेली चंदी दिली नाही, पाण्याचं भांडं दिवसभर कोरडं ठेवलं, तर मालकाने तारीख-वेळेसह फोटो काढावेत, लेखी कळवावं आणि घोडा हलवावा. तिथे मुदत पाळत बसायचं नसतं.

उलट दिशेची नोटीस मात्र बहुतेक करारांत आखूड असते, आणि हे आम्हाला उलटं वाटतं. पुण्या-मुंबईजवळ रिकाम्या ठाणाला गिऱ्हाईक मिळणं जितकं सोपं, तितकं घोड्याला पंधरा दिवसांत चांगलं ठाण मिळणं सोपं नाही. तबेल्याने घोडा काढायला सांगितला तर किमान ४५ दिवस द्यावेत. पावसाळ्यात आणखी. अपवाद एकच: घोडा माणसांवर किंवा इतर घोड्यांवर जाऊ लागला तर. पण मालकाला तो स्वभाव आधीपासून ठाऊक असेल तर त्याने पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. करार कायद्याच्या कलम १५० मधलं उदाहरणच घोड्याचं आहे: खोडकर घोडा तसं न सांगता दुसऱ्याला दिला, घोडा उधळला, बसणारा पडून जखमी झाला, तर जबाबदार देणारा. नव्या तबेल्यालाही हे सांगणं मालकाचं काम आहे. लाथ मारतो, चावतो, एकटा ठेवला की ठाण फोडतो, जे असेल ते.

महिनाभराची मुदत घोड्याच्याही उपयोगाची असते, ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. चांगला तबेला ग्लँडर्स आणि अश्व संसर्गजन्य रक्तक्षय या घोड्यांच्या दोन्ही संसर्गजन्य रोगांचे नकारात्मक अहवाल पाहिल्याशिवाय घोडा आत घेत नाही. रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात गेला तर उत्तर यायला दिवस लागतात, म्हणून नमुना नोटिशीच्या पहिल्याच आठवड्यात द्या. ग्लँडर्सवर घोड्याला उपचार करत नाहीत. बाधित घोडा मारावा लागतो, आणि भागातली घोड्यांची ने-आण बंद होते. अशी बंदी आली तर घोडा ठाणातच राहील आणि खाईलही, म्हणून पूर्ण दर द्यावा. पण मुदत उलटल्याचा दंड लावू नये. वाहतुकीसाठी पशुवैद्यकाचं प्रवासयोग्यतेचं प्रमाणपत्रही लागतं.

आता सगळ्यात दुखरी गोष्ट. नोटीस दिल्यावर काही ठिकाणी घोड्याकडे पाहणंच कमी होतं: खरारा (अंग घासणं) वरवरचा, बिछायत ओली, चंदीचं माप हलकं. हे सिद्ध करायचं तर आकडा हवा. नोटीस देण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या दिवशी, दोन्ही बाजूंच्या माणसांसमोर, टेपने छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे वजन किलोत. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर सुमारे ४३६ किलो. टेप दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच माणसाने धरावी, नाहीतर दहा-पंधरा किलोंचा फरक नुसता मोजण्यातच पडतो. शिवाय चारही पायांचे, पाठीचे आणि खुरांचे फोटो. हे तबेल्याच्याही हिताचं आहे, कारण प्रवासात झालेली जखम नंतर त्यांच्या माथी बसत नाही.

थकबाकी असेल तर घोडा अडवता येतो का? कलम १७० खाली वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केलं असेल तर त्या कामाचा मोबदला मिळेपर्यंत ती राखता येते. इंग्लंडच्या जुन्या निवाड्यांत शर्यतीसाठी घोडा तयार करणाऱ्याला हा हक्क मिळाला, नुसतं ठेवून चारा घालणाऱ्याला नाही. त्यामुळे तबेलेवाल्याने या हक्काच्या भरवशावर फार राहू नये. जुन्या, दुसऱ्याच व्यवहाराच्या बाकीसाठी तर अडवणूक होतच नाही. कलम १७१ मधला तो व्यापक हक्क बँकांसारख्या ठरावीक व्यवसायांना आहे, तबेल्यांना नाही. आणि अडवलेला घोडा रोज खातो. बाकी वसूल होईपर्यंत त्याची चंदी तोडणं हा तर उपायच नव्हे: प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा, १९६० च्या कलम ३ प्रमाणे प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या सुस्थितीची जबाबदारी असते. पैसे बुडू नयेत यासाठी खरी सोय एकच, दर महिन्याला आगाऊ भाडं आणि एका महिन्याची अनामत. घोड्याचा पासपोर्ट (ओळखीचं पुस्तक) आणि लसीकरणाची नोंद अडकवून ठेवू नये. ते कागद घोड्याबरोबर जातात.

मालकानेही एक पथ्य पाळावं. घोड्याबरोबर तबेल्याचा मोतद्दार फोडून नेऊ नये. त्याला यायचं असेल तर त्याने आपली नोटीस स्वतंत्रपणे द्यावी, आपला हिशेब घ्यावा आणि मग यावं.

निघायच्या आदल्या आठवड्यात रोज थोडी चंदी उभ्या ट्रकमध्ये, फळीवर चढवून द्यावी, म्हणजे शेवटच्या दिवशी ओढाताण होत नाही. नाल ताजी मारलेली नसावी. प्रवासाआधी चार-पाच दिवस तरी मध्ये जावेत. सोबत जुन्या तबेल्यातलं सात ते दहा दिवसांचं गवत आणि चंदी विकत घेऊन न्यावी, आणि नव्या ठिकाणी दर दोन दिवसांनी साधारण पाव हिस्सा बदलत जावं. चारा एकदम बदलला की पोटशूळ होऊ शकतो, आणि त्या वेळी दोन्ही तबेले एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून मोतद्दाराकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी: चंदीत हरभरा किती, ओट किती, कोंडा किती, भिजवून की कोरडा, दिवसातून किती वेळा, पाणी आधी की नंतर, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं. ती चिठ्ठी नव्या ठाणाच्या दारावर चिकटवायची.